माशांच्या उवा आणि पांढरे ठिपके

कर्नाटकात २०१४ साली कृषिभाग्य योजना सुरू झाल्यापासून शेततळ्यांची संख्या वाढली, आणि जिथे तळे तिथे रोहू, कटला, मृगळ सोडावेत असे कोणालाही वाटते. मुलांच्या हौसेखातर घरात काचेच्या टाकीत गप्पी पाळणारेही पुष्कळ आहेत. या दोन्ही ठिकाणी माशांवर परजीवी पडतात. अशा वेळी पिकावर मारायचे औषध हाताशी असते म्हणून तेच पाण्यात ओतण्याचा मोह होतो. तो का टाळावा आणि त्याऐवजी काय करावे, हे आज पाहू.

प्रथम रोग ओळखावा. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसले आणि मासा दगडाला अंग घासू लागला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. फूके या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली त्याच्या सूक्ष्म जीवाचे वर्णन केले. हा जीव माशाच्या कातडीखाली असतो तोवर त्याला औषध लागू पडत नाही. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाशी जातो आणि तेथे त्याची शेकडो पिले होतात. नवा मासा शोधत पोहणारी ही पिलेच काय ती औषधाने मरतात. म्हणूनच ठिपके दिसेनासे झाले की उपचार थांबवणाऱ्याच्या टाकीत रोग पुन्हा उलटतो.

घरच्या टाकीला साधे जाडे मीठ पुरते. लिटरला २ ग्रॅम हे प्रमाण धरावे. पाण्याची लांबी, रुंदी व खोली फुटांत मोजून गुणावी आणि आलेल्या आकड्याला २८ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट खोल पाणी म्हणजे ५६ लिटर, त्याला सुमारे ११० ग्रॅम मीठ. ते वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे. उपचार निदान दहा दिवस चालू ठेवावा. थंडीत या जीवाची वाढ सावकाश होते, तेव्हा आणखी काही दिवस धरावेत. पाणी बदलल्यास काढलेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. आटलेल्या पाण्यासाठी घालू नये, कारण पाणी आटते पण मीठ मागे राहते. मागुरासारख्या बिनखवल्याच्या माशांना मीठ कमी सोसते, तेथे निम्म्यापासून सुरुवात करावी.

शेततळ्याचा हिशेब मात्र निराळा आहे. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तळ्यात ६ लाख लिटर पाणी असते. त्याला याच प्रमाणात १२०० किलो मीठ लागेल! ते पाणी मग पिकाला देता येणार नाही. तंबाखूला तर मुळीच नाही, कारण क्लोराइड जास्त झाले की पान नीट जळत नाही.

तळ्यात मुख्य त्रास उवांचा. चपट्या, मसुराच्या डाळीएवढ्या या उवा कातडीला चिकटून रक्त शोषतात. त्या आपली अंडी काठ्या, दगड अशा कठीण वस्तूंवर घालतात. याचाच फायदा घ्यावा. तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या करून ठेवाव्यात, दर आठवड्याला बाहेर काढून खरवडाव्यात, कडक उन्हात वाळवाव्यात आणि पुन्हा लावाव्यात. जाळ्यात आलेले मासे लिटरला २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवल्यास बऱ्याच उवा सुटतात. मासा कलंडू लागताच त्याला स्वच्छ पाण्यात सोडावे. मिठाचे उरलेले पाणी तळ्यापासून दूर टाकावे.

आता पिकाच्या औषधांविषयी. सायपरमेथ्रीनसारखी औषधे अगदी थोड्या मात्रेतही माशांना मारक ठरतात. पूर्वी उवांसाठी नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस, सर्रास वापरत. त्याच्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. निपाणीकडच्या मंडळींनी तंबाखूचा काढा किंवा वखारीतला कचराही तळ्यापासून लांब ठेवावा. फिलिपाइन्समध्ये नवे मासे सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी तंबाखूची भुकटी वापरतात, यावरून काय ते समजावे. मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग खाण्याच्या माशांना कधीही लावू नये. तो मांसात दीर्घकाळ राहतो आणि कर्करोगास कारण होतो असा संशय आहे. उपवासकाळात तोच मासा आपल्या लेकरांच्या ताटात यायचा असतो.

उवा किंवा ठिपक्यांचा रोग माणसाला होत नाही, एवढे समाधान आहे. तरीही हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. नवे मासे तीन आठवडे वेगळे ठेवावेत आणि जाळी दर वेळी उन्हात वाळवावी. मासे मोठ्या संख्येने मरू लागले, तर काहीही ओतण्यापूर्वी तालुक्याच्या मत्स्य खात्याच्या कचेरीत जाऊन विचारावे.