मागच्या रेषेवरचा फू हाइफंग

हैदराबादच्या गचिबोवली स्टेडियममध्ये २००९ च्या ऑगस्टमध्ये जागतिक बॅडमिंटन स्पर्धा भरली, तेव्हा खेळाकडे लक्ष द्यायला फारशी कुणाला फुरसत नव्हती. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला होता, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. तोंडाला मास्क लावून हिंडणारी माणसं तेव्हा नवलाईची होती. इंग्लंडचा संघ सुरक्षेचं कारण देऊन स्पर्धा सुरू होण्याआधीच हैदराबादहून परत गेला. उरलेलं लक्ष भारताच्या सायना नेहवालकडे. ती उपांत्यपूर्व फेरीत हरली आणि वर्तमानपत्रांच्या दृष्टीने स्पर्धा तिथेच आटोपली. शेवटच्या दिवशी पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात जे घडलं, त्याला मराठी दैनिकांत दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळणं अवघडच होतं.

त्या ओळींतला आकडा मात्र जपून ठेवावा असा आहे : २१-१८, १६-२१, २८-२६. चीनचे त्साय युन आणि फू हाइफंग जिंकले, कोरियाचे जुंग जे-सुंग आणि ली योंग-दे हरले. गेम तीसच्या पुढे जाऊ शकत नाही, हा नियम. २९-२९ झाले तर पुढचा एकच गुण निकाल लावतो. म्हणजे ही चौघं त्या कड्यापासून दोन पावलांवर येऊन थांबली. एकट्या तिसऱ्या गेममध्ये चौपन्न गुण खेळले गेले, त्यातले चौदा २०-२० नंतरचे. त्या प्रत्येक वेळी एका चुकीवर वर्षाची मेहनत टांगलेली. दुहेरीच्या सामन्यांत असे शेवट क्वचितच येतात, आणि आले तरी दोन्ही बाजूंनी इतक्या तोलामोलाची माणसं असतीलच असं नाही.

फू हाइफंगचं नाव निघालं की पहिल्यांदा वेग निघतो. २००५ मध्ये बीजिंगला सुदिरमान करंडक या मिश्र सांघिक स्पर्धेच्या सामन्यात त्याच्या एका स्मॅशचा वेग ताशी ३३२ किलोमीटर मोजला गेला आणि तो आकडा पुढे कितीतरी वर्षं विक्रम म्हणून मिरवला. माणूसही तसाच दिसायचा : उंचापुरा, खांद्यांनी भरलेला. त्यामुळे ‘तोफ’ हे विशेषण त्याला चिकटलं ते चिकटलंच. प्रस्तुत लेखकाला या विशेषणाचा मनापासून कंटाळा आहे. तोफ एकदा उडते, मग थंड होईपर्यंत वाट बघावी लागते. फूची सगळी करामत तर दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या स्मॅशमध्ये होती.

हे नीट कळायला जरा शटलकडे वळावं लागेल. सोळा पिसं, खाली बुचाचा गोळा, सगळं मिळून वजन पाच ग्रॅमच्या आसपास. रॅकेटवरून सुटताना त्याचा वेग जो काही असेल तो असेल. पिसांचा घेर हवेला असा अडतो की समोरच्या खेळाडूपर्यंत पोहोचेस्तोवर तो वेग पार उतरलेला असतो. विक्रमांच्या पुस्तकात लिहितात तो सुटतानाचा वेग. शिवाय मोजणीची परिस्थिती प्रत्येक वेळी वेगळी. मलेशियाच्या तान बून हिओंगने २०१३ मध्ये ४९३ चा आकडा नोंदवला, आपल्या सात्त्विकसाईराज रंकिरेड्डीने २०२३ मध्ये जपानमध्ये ५६५ चा. पण हे दोन्ही रॅकेट कंपनीने घेतलेल्या चाचणीतले फटके. फूचा ३३२ भर सामन्यातला होता. तेव्हा या आकड्यांची एका रांगेत उतरंड लावणं म्हणजे नेट प्रॅक्टिसमधल्या यॉर्करची तुलना अंतिम सामन्यातल्या यॉर्करशी करण्यासारखं आहे.

जागतिक दर्जाच्या दुहेरीत एका स्मॅशवर गुण सहसा मिळतच नाही. समोर दोन माणसं शेजारी-शेजारी, गुडघ्यांत वाकून, रॅकेट पोटासमोर धरून उभी असतात. त्यांच्यातला एक ली योंग-दे असेल तर ताशी तीनशेचा फटकाही तो मनगटाच्या झटक्याने सपाट परत देतो. हल्ला करणारी जोडी पुढे-मागे उभी राहते : एक नेटपाशी, एक मागच्या रेषेपाशी. मागच्याने स्मॅश मारायचा तो मुख्यतः समोरच्याला अडचणीत टाकायला. दोघांच्या मधोमध मारला की ‘तुझा की माझा’ असा क्षणभर घोळ होतो. रॅकेटच्या बाजूच्या खांद्यावर किंवा कमरेवर मारला की हात आखडतो आणि परतीचं शटल नको तितकं वर येतं. ते वर आलेलं शटल पुढचा माणूस टिपतो. टाळ्या त्याला. मागचा तोवर पुढच्या फटक्यासाठी दोन पावलं सरकून तयार.

आणि ते टिपलं गेलं नाही तर? मग मागच्याला पुन्हा मारायचंय, त्याच उंचीवरून, त्याच कोनात, बहुधा कोर्टाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून. कोर्टाची रुंदी सहा मीटर दहा सेंटिमीटर. कागदावर हे अंतर किरकोळ वाटतं. पाच स्मॅश लागोपाठ मारत ते आडवं कापून पाहावं. आपल्याकडच्या कुठल्याही क्लबात रविवारी सकाळी गेलात तर पहिला स्मॅश मारायला चौघंही आतुर दिसतात, दुसरा मारायला दोघं, आणि तिसऱ्याच्या वेळी ‘उचल, उचल’ असा ओरडा होऊन शटल आकाशात जातं. फूचा तिसरा स्मॅश पहिल्याइतकाच उतरत यायचा. मध्येच तो हात तसाच उगारून ड्रॉप टाकायचा, कधी अर्ध्या जोराचा फटका मारून बचाव करणाऱ्यांची लय बिघडवायचा, आणि ते पुढे झुकले की पुन्हा पूर्ण ताकद. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्याचं चित्रण आज पाहताना नजर आपोआप नेटवरच्या झटापटीकडे जाते. एकदा ठरवून फक्त फूच्या पायांकडे पाहावं. सामना निराळाच दिसतो.

आता थोडी पार्श्वभूमी, उरकून टाकतो. बॅडमिंटनचे पहिले नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या इंग्रजी छावणीत बांधले गेले आणि खेळाला ‘पूना’ म्हणत, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढे खेळ मोठा केला तो पूर्वेकडच्या देशांनी. चीनचं आधुनिक बॅडमिंटन उभं केलं इंडोनेशियात जन्मलेल्या चिन्यांनी : वांग वेनज्याओ, चेन फूशौ, तांग श्येनहू, हाऊ ज्याचांग. १९५९ मध्ये इंडोनेशियाने परकीय नागरिकांच्या खेड्यापाड्यांतल्या किरकोळ व्यापारावर बंदी घातली आणि हजारो चिनी कुटुंबं मायदेशी परतली. त्यांच्यासोबत रॅकेटही आली. फू हा गुआंगडोंग प्रांतातल्या जियेयांगकडचा, असल्याच परतलेल्या घराण्यातला. त्साय युन सुझौचा, वयाने तीनेक वर्षांनी मोठा. १९८२ मध्ये चीन पहिल्यांदाच पुरुषांच्या सांघिक थॉमस करंडकात उतरला आणि जिंकला. ली योंगबो आणि तिआन बिंगयी या जोडीने १९८७ आणि १९८९ अशी दोनदा पुरुष दुहेरीची जागतिक विजेतेपदं घेतली. नंतर मात्र दुष्काळ.

हा दुष्काळ सतरा वर्षांचा. एकेरी, महिला दुहेरी, मिश्र दुहेरी, सगळीकडे चीनची चलती. पुरुष दुहेरीत मात्र इंडोनेशिया, कोरिया, डेन्मार्क, २००५ मध्ये तर अमेरिकेच्या नावावर टोनी गुनावान आणि हॉवर्ड बाक. त्या काळात चिनी संघाचा मुख्य प्रशिक्षक होता खुद्द ली योंगबो. ज्या प्रकारात आपण दोनदा जग जिंकलं, नेमका तोच प्रकार आपल्या हाताखाली रिकामा जातोय, हे त्याला किती टोचत असेल याचा अंदाज करता येतो.

त्साय आणि फू यांनी २००५ मध्ये ऑल इंग्लंड जिंकली, तेव्हा पंधरा गुणांची जुनी पद्धत होती. सर्व्हिस आपली असेल तरच गुण. पुढच्या वर्षी एकवीस गुणांची नवी पद्धत आली, कुणाचीही सर्व्हिस असो, रॅली जिंकली की गुण. जुन्या पद्धतीत सर्व्हिस हातात नसताना चूक झाली तरी जीव वाचायचा, गुण थेट समोर जायचा नाही. नव्या पद्धतीत ती उसंत गेली. पुष्कळ जोड्या या बदलात गडबडल्या. हे दोघं २००६ मध्ये माद्रिदला गेले आणि अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॉबर्ट ब्लेअर आणि अँथनी क्लार्कला २१-९, २१-१३ असं चिरडून दुष्काळ संपवून आले.

मग बीजिंग. २००८ चं ऑलिम्पिक, घरचं मैदान, समोर इंडोनेशियाचे मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावान. पहिला गेम चीनने २१-१२ घेतला. पुढचे दोन ११-२१, १६-२१. या पराभवाबद्दल ‘घरच्या प्रेक्षकांचं दडपण’ असं लिहायची पद्धत आहे, पण ते अर्धंच खरं वाटतं. किडो-सेतियावान यांनी शटल वर जाऊच दिलं नाही. नेटच्या उंचीवर सपाट, झटपट देवाणघेवाण ठेवली की मागच्या रेषेवरच्या माणसाला हात उगारायला वावच उरत नाही. फूला निकामी करण्याची कृती जगाला त्या दिवशी समजली. त्याच्यावर उपाय शोधायला या जोडीला पुढची चार वर्षं लागली, आणि तो उपाय बराचसा त्सायच्या हातांत होता : सर्व्हिसनंतरचा पहिला फटका असा खेळायचा की समोरच्याला शटल उचलावंच लागेल.

इथे एक आडवळण. फूच्या उत्तम काळातल्या चार प्रतिस्पर्ध्यांपैकी दोघं आज हयात नाहीत. जुंग जे-सुंग, उंची अवघी एक मीटर अडुसष्ट, आणि तरी मागच्या रेषेवरून उडी घेऊन असा मारायचा की फूशी बरोबरी व्हावी. २०१८ च्या मार्चमध्ये हृदयविकाराने गेला, वय पस्तीस. किडो २०२१ च्या जूनमध्ये खेळता खेळता कोसळला, वय छत्तीस. हैदराबाद आणि बीजिंगची चित्रणं पाहताना हे डोक्यातून जात नाही.

२००९ ला हैदराबाद, २०१० ला पॅरिस, २०११ ला लंडन : तीन वर्षं लागोपाठ जागतिक विजेते. माद्रिद धरून चार. वेम्बली अरीनात २०११ चं विजेतेपद घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याच सभागृहात ऑलिम्पिक होतं. तो ऑगस्ट चिनी बॅडमिंटनला अभिमानाचा होता तसा नामुष्कीचाही. मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केला म्हणून महिला दुहेरीतली त्यांची अव्वल जोडी स्पर्धेतून काढली गेली होती. तरी पाचही सुवर्णपदकं चीनकडेच गेली, आणि त्यांतलं पुरुष दुहेरीचं सुवर्ण चीनचं या प्रकारातलं पहिलंच. अंतिम सामन्यात डेन्मार्कचे माथियास बो आणि कार्स्टन मोगेन्सन २१-१६, २१-१५ असे हरले. हा बो पुढे भारतात आला, सात्त्विकसाईराज आणि मुंबईच्या चिराग शेट्टीचा प्रशिक्षक झाला. २०२२ चा थॉमस करंडक, राष्ट्रकुल सुवर्ण, हांगझौच्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण, हे सगळं त्या जोडीने त्याच्या काळात मिळवलं. सात्त्विक मागून मारतो आणि चिराग पुढे झेपावतो तेव्हा ज्यांच्याकडून बो हरला त्यांची सावली त्यात दिसते, असं म्हणायचा मोह होतो. मोह आहे हे मान्य, पण दिसते खरी.

लंडननंतर त्सायचं वय तेहतिशीकडे झुकलं आणि जोडी फुटली. फूला नवा जोडीदार मिळाला झांग नान : झाओ युनलेईसह लंडनचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलेला, सहा-सात वर्षांनी धाकटा. मिश्र दुहेरीत वाढलेल्या पुरुषाला अख्खं मागचं कोर्ट एकट्याने सांभाळायची सवय असते. त्यामुळे फूला पहिल्यांदाच असा साथीदार मिळाला, जो गरज पडली तर त्याची मागची जागा घेऊ शकेल. बत्तिशी गाठलेल्या खांद्याला हा मोठाच दिलासा होता. फू पुढे येऊन सर्व्हिस परतवायला, नेटवर थांबायला शिकला. तिशीनंतर आपला खेळ असा उलगडून पुन्हा बांधणारे थोडे.

१९ ऑगस्ट २०१६ हा दिवस भारतीयांना पी. व्ही. सिंधूच्या रिओ ऑलिम्पिकमधल्या अंतिम सामन्यामुळे लख्ख आठवतो. त्याच दिवशी, त्याच सभागृहात, फू आणि झांग हे मलेशियाच्या गोह व्ही शेम आणि तान वी किओंग यांच्याशी खेळले. मलेशियाला ऑलिम्पिक सुवर्ण कधीच मिळालेलं नव्हतं, कुठल्याच खेळात. पहिला गेम त्यांनी २१-१६ घेतला. दुसरा चीनने २१-११. तिसरा पुन्हा वीसच्या पलीकडे गेला आणि २३-२१ वर थांबला. पुरुष दुहेरीत दोन ऑलिम्पिक सुवर्णं मिळवणारा फू पहिला खेळाडू ठरला, तेही दोन वेगवेगळ्या जोडीदारांसह. रिओत चीनला बॅडमिंटनमध्ये दोनच सुवर्णं मिळाली. दुसरं चेन लाँगचं.

पुढच्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला सुदिरमान करंडक झाला. २००५ पासून चीन सलग सहा वेळा तो जिंकत आला होता. अंतिम फेरीत कोरियाविरुद्ध पहिलाच सामना फू आणि झांगचा, आणि त्यांनी चोई सोल-ग्यू आणि सेओ सुंग-जे या पोरांना २१-१४, २१-१५ असं सरळ हरवलं. लढत मात्र २-२ पर्यंत ताणली गेली. शेवटच्या मिश्र दुहेरीसाठी कोरियाकडून कोर्टवर उतरला तो मघाशीच हरलेला चोई सोल-ग्यू. तो चे यू-जुंगसह दोन गेममध्ये जिंकला आणि करंडक कोरियाला गेला.