हळू चालवण्याचा सराव

टूर द फ्रान्समध्ये तीन आठवड्यांत २१ टप्पे आणि सहसा २ सुट्ट्या असतात. या सुट्टीच्या दिवशी स्पर्धक हॉटेलात लोळत पडत नाहीत. तास-दोन तास सायकलवर पाय मोकळे करून येतात, गप्पा मारत, वाटेत कॉफी पीत. कालपरवा आल्प्सचे घाट चढलेली माणसं ही!

कशासाठी, असं विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं: पायांत साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. ही समजूत एकदाची सोडून द्यायला हवी. जोराच्या व्यायामात रक्तात वाढलेलं लॅक्टेट तास-दीड तासात आपोआप ओसरतं. शरीर ते इंधन म्हणून वापरतंसुद्धा. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यामागे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजा असतात. पाय शिशासारखे जड होतात, त्यात ग्लायकोजेनचा साठा रिकामा झाल्याचा वाटा मोठा. तो भरायला भात-पोळी नीट जेवूनही साधारण एक दिवस जातो.

हलक्या राइडने या इजा लवकर भरून येतात, असा ठाम पुरावा नाही. रक्त खेळतं, आखडलेलं अंग सुटतं, बरं वाटतं. तिची खरी किंमत मला वेगळ्याच ठिकाणी दिसते: थकव्यात भर न घालता सरावाची लय टिकते आणि पुढच्या जोराच्या दिवसासाठी पाय शिल्लक राहतात. स्टीफन सायलर या संशोधकाने सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं कमी तीव्रतेची निघाली. ही हलकी राइड, म्हणजे रिकव्हरी राइड, ही त्यातलीही सर्वांत खालची पायरी.

आणि इथेच बहुतेक जण चुकतात. पॉवर मीटर असेल तर एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल वॉटच्या) ५५ टक्क्यांच्या आत राहायचं. एफटीपी २०० वॉट असेल, तर ११० वॉटच्या खाली. हे इतकं कमी असतं की पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. रविवारी सिंहगड चढलेल्या माणसाने सोमवारी पुढची लहान चकती लावून, मिनिटाला ८५-९० फेऱ्यांनी, पेडलवर जवळजवळ जोर न देता जायचं. उड्डाणपूल आला की वॉट लगेच दुप्पट होतात, म्हणून रस्ता सपाटच निवडायचा. ग्रुप टाळायचा, कारण कुणीतरी वेग वाढवतोच. दूधवाला ओव्हरटेक करून गेला तरी जाऊ द्यायचा. स्ट्राव्हा ॲपवर सरासरी वेग वाईट दिसेल या धास्तीने कितीतरी चांगले सायकलपटू हा दिवस वाया घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. धड विश्रांती नाही आणि धड सरावही नाही!

मीटर नसला तरी अडत नाही. नाकाने श्वास घेता यावा आणि फोनवर आईशी बोलावं तशी सलग वाक्यं बोलता यावीत. पाऊण तास पुरतो, तासाच्या वर तर नकोच. एप्रिल-मेमध्ये मात्र उजाडायच्या आत निघा. उन्हात त्याच वॉटला ठोके चढत जातात.

उठल्याउठल्याच नाडी नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल, किंवा झोप जेमतेम पाच तास झाली असेल, तर तो पाऊण तास झोपेलाच द्यावा. आठवड्याला पाच-सहा तास सायकल चालवणाऱ्या नोकरदाराला एरवीही पूर्ण सुट्टी घेतल्याने काही बिघडत नाही.