दोन शांतता

जामखेड तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या ओट्यावर आजी बसल्या आहेत. उन्हातून चालत आल्या म्हणून गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या ताईंनी आधी त्यांना पाच मिनिटं भिंतीला टेकून बसवलं. मग हाताखाली गोधडीची घडी सरकवली. बीपी बघताना दंड काळजाच्या उंचीला हवा. तो दहा सेंटिमीटर खाली गेला, तर तेवढ्या रक्ताच्या वजनानेच आकडा सात-आठाने चढतो. विहिरीत खोल जावं तसा पाण्याचा दाब वाढतो, तसंच हे.

पट्टा बांधला. कोपराच्या लवणीत नाडी चाचपून ताईंनी तिथे स्टेथोस्कोप टेकवला आणि नळ्या माझ्या कानात दिल्या. "आजी, आता बोलायचं नाही हं."

फुगा दाबत काटा १९०वर नेला. कानात काहीच नाही. ताई स्क्रू अगदी हळू सोडतात, सेकंदाला दोन-तीन आकडे. घाई केली तर पहिला ठोका निसटतो. १५८ला आला, टक्. मग टक्, टक्, टक्.

हे हृदयाचे ठोके, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तसं नाही. मोकळ्या धमनीत रक्त थराथराने सरकतं, मधला थर वेगात, कडेचा संथ, आणि त्याचा आवाज होत नाही. पट्ट्याने चेपलेल्या फटीतून मात्र ते प्रत्येक ठोक्याला उसळून घुसतं, थर मोडतात, भोवरे उठतात, धमनीची भिंत थरथरते. १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने हा आवाज दाबाच्या मोजणीला जोडला.

९४ला आवाज विरला. पुन्हा शांतता, पण वेगळी. पहिली बंद धमनीची होती, ही वाहत्या धमनीची. मला त्या दिवशी सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. ताईंसारख्या गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेची पायरीही चढलेल्या नव्हत्या. हे ज्ञान त्या हातांना पेलेल, हा भरवसा मला कुठल्याही यंत्राहून मोठा वाटतो.

आजींना बीपीची रोज एक गोळी आहे. ती बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते. प्वाझेय या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम असा, की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. उलट ती दहाच टक्के रुंदावली, तर प्रवाह जवळजवळ दीडपट. म्हणजे तेवढाच प्रवाह कमी दाबात भागतो. गोळीचं बळ या हिशेबात आहे.

थोड्या वेळाने ताईंनी पुन्हा मोजलं. १५४, ९२. वहीत लिहिलं. मग आजींच्या पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट उघडून एकेक खळगा बोटाने मोजला.

"आजी, चार गोळ्या जास्त कशा राहिल्या?"