पेटंटचा कायदा आणि औषधांचे कारखाने

विकसनशील देशाच्या शासनाने नवसंशोधनास उत्तेजन द्यावे, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु ते कोणत्या मार्गाने द्यावे याचा विचार करताना आपल्याच औषधनिर्मितीचा इतिहास आपण पुरेशा गांभीर्याने वाचत नाही, याची मला खंत वाटते. १९११ च्या ब्रिटिश अमदानीतील पेटंट कायद्याचा फायदा प्रामुख्याने परदेशी कंपन्यांना मिळे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सरकारास सादर केलेल्या अहवालात दाखवून दिले, की बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या नावे असून त्यांतील बहुतेकांचा येथे उत्पादनासाठी उपयोगच होत नाही, म्हणजे ही सनद विद्या देत नव्हती, केवळ बाजारपेठ राखून ठेवीत होती.

या अहवालाच्या पायावर उभा राहिलेला १९७० चा कायदा १९७२ मध्ये अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, ते फक्त निर्मितीच्या प्रक्रियेवर, आणि तेही अर्जापासून सात किंवा मंजुरीपासून पाच वर्षे, यांपैकी जी मुदत आधी संपेल तेवढेच, अशी त्यातील तरतूद होती. साहजिकच, तेच औषध निराळ्या रासायनिक वाटेने सिद्ध करणे हा आमच्या रसायनशास्त्रज्ञांचा उद्योग झाला. या कौशल्यास नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांशी माझा तीव्र मतभेद आहे, कारण नवी प्रक्रिया शोधणे हेही संशोधनच होय.

मात्र सारे श्रेय कायद्यास देणे अन्यायाचे ठरेल. १९५० मध्ये पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले होते, आणि १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस पेनिसिलिनची निर्मिती सुरू केली होती. तेथे आणि अन्य सरकारी कारखान्यांत हात बसलेली माणसे नसती, तर कायद्याने दिलेली मुभा दप्तरातच राहिली असती.

कायदा आणि कौशल्य यांच्या या जोडीचे फळ पुढे जगाला दिसले. २००१ साली एड्सवरील तीन औषधांच्या उपचारास श्रीमंत देशांत प्रतिरुग्ण वार्षिक दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असता, मुंबईच्या सिप्लाने तोच सुमारे ३५० डॉलरांत देऊ केला, आणि आफ्रिकेतील असंख्य रुग्णांना जगण्याची आशा लाभली.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून पदार्थावरील पेटंट पुन्हा आले आहे. सरकारी कारखाने खंगले, अनेक औषधांचा कच्चा माल आपण चीनकडून आणतो, आणि संशोधनावरील आपला खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यालाही पोहोचत नाही. यांतील पहिली गोष्ट करारामुळे घडली, दुसऱ्या तिन्ही मुख्यतः आपल्याच धोरणाने.