चालतोय, पण संपलाय: व्हिडिओ गेमच्या कन्सोलचं आयुष्य

आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "व्हिडिओ गेमचा कन्सोल किती वर्षं टिकतो?" पलीकडे जरा शांतता. मग अगदी आदरानं प्रश्न आला, "सर, तत्त्वज्ञानावर काही नाही का?" म्हटलं, हेच आहे ते.

झालं असं. माझा नातू मंचरला असतो, अकरावीत आहे. त्याच्याकडे पीएस-४ आहे, म्हणजे सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ४, २०१७ साली घेतलेला. दिवाळीत मला म्हणाला, "आबा, हा आता संपलाय." मी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला, टीव्हीवर चित्र आलं. म्हटलं, "अरे, चालतोय की!" तो म्हणाला, "चालतोय हो आबा, पण संपलाय."

आता मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. एकाच वस्तूबद्दल "चालते" आणि "संपली" ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी असतील? दोन दिवस विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की पोराचं बरोबर होतं. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, फक्त खेळांसाठी बनवलेला संगणक. संगणकाचं कार्ड बदलता येतं, मेमरी वाढवता येते. कन्सोलच्या पोटात मात्र पहिल्या दिवशी जी चिप असते तीच शेवटपर्यंत राहते. हा त्याचा दोषही आहे आणि गुणही. गुण असा, की खेळ बनवणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं की करोडो घरांत अगदी हेच यंत्र आहे, त्यामुळे तो त्यातून शेवटचा थेंब पिळून काढू शकतो.

आपल्या भागात हे यंत्र आलं ते नव्वदच्या दशकात. माझ्या मुलासाठी मी नारायणगावच्या बाजारातून एक करडा डबा आणला होता. तारेचे दोन रिमोट आणि वर खोचायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं ९९९९९९९ इन १, आत खेळ मोजून सात-आठ, तेच पुन्हा पुन्हा नावं बदलून! आम्ही त्याला नुसतं "व्हिडिओ गेम" म्हणायचो. पुष्कळ वर्षांनी कळलं, की हा जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमचा भाऊबंद, म्हणजे परवानगी न घेता केलेली नक्कल. मूळ फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात विक्रीला आला आणि त्याचं उत्पादन थांबलं २००३ मध्ये. वीस वर्षं! नकला तर अजून थांबल्या नाहीत. परवा श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत खेळण्यांच्या पालावर तसाच डबा पाहिला. त्यातला प्रोसेसर ज्या घराण्यातला आहे ते घराणं १९७५ सालचं.

आमचा डबा अकरा वर्षं चालला. त्या काळात तीन अडॅप्टर जळाले, कारण आपल्याकडची वीज. रात्री शेतीपंप सुरू झाले की दिव्याचा पार काजवा व्हायचा, आणि पंप बंद झाले की एकदम उसळी. कॅसेट चालली नाही की पोरं फुंकर मारायची. बसलेल्यांपैकी पन्नाशीच्या आतल्या सगळ्यांनी ती मारलीय, हसू नका. फुंकरीचा उपयोग काही नव्हता, उलट तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजायच्या. काम व्हायचं ते कॅसेट काढून परत नीट बसवल्यानं. खोडरबरानं पिना पुसल्या की महिनाभर निर्धास्त. वायर तुटली तर डाग द्यायचा. शेवटी तो डबा बिघडला नाहीच, भाच्याच्या घरी गेला. तिथे पुढे नवा पातळ टीव्ही आला आणि डबा जोडायचा कुठे हेच कोणाला कळेना.

म्हणजे बघा, तो वारला तोही "चालत" असतानाच.

डब्याचं शरीर किती टिकतं, हे आधी संपवू. आजच्या कन्सोलमध्ये हलणारे भाग मोजके असतात. पंखा, डिस्क वाचणाऱ्या लेन्सची यंत्रणा, जुन्यांत हार्ड डिस्क. झिजतात ते हेच. शिवाय चिपवर लावलेली उष्णता वाहून नेणारी पेस्ट काही वर्षांनी वाळते. आपल्याकडे सगळ्यात मोठा शत्रू धूळ. कांद्याच्या चाळीशेजारच्या खोलीत कन्सोल ठेवला तर वर्षभरात आत गोधडी तयार होते. नातवाचा पीएस-४ मंचरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं उघडला, झाडला, पेस्ट बदलली, नाणं-बॅटरी बदलली. आता आवाज निम्मा झालाय. रिमोटच्या काड्या आपोआप एका बाजूला ओढतात, ते वेगळं दुखणं आहे आणि त्यावरही इलाज आहे. मूळ रचनेत खोट नसेल तर निगा राखून दहा वर्षं ही काही मोठी गोष्ट नाही. खोट असते तेव्हा मात्र तऱ्हा वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० मध्ये ती निघाली. तीन लाल दिवे लागायचे आणि यंत्र गप्प. २००७ साली कंपनीनं त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

पण नातवाचं यंत्र निरोगी होतं. मग ते "संपलं" कुणाच्या घड्याळात?

पहिलं घड्याळ कंपनीचं. पहिला प्लेस्टेशन १९९४, दुसरा २०००, तिसरा २००६, चौथा २०१३, पाचवा २०२०. सहा-सात वर्षांचा हा ठेका आहे. तो यंत्राच्या झिजेतून आलेला नाही. चिपा तेवढ्या वेळात इतक्या पुढे जातात की जुन्या यंत्रात नवा खेळ मावेनासा होतो. आणि धंद्याचं गणितही आहेच. कंपनी अनेकदा यंत्र जवळजवळ पदरमोड करून विकते, कमाई करते ती खेळांवर. यंत्र घराघरांत पोचलं, खेळ विकून झाले, की नवी लाट लागते. लगेच जुनं टाकत नाहीत, काही वर्षं दोन्हींवर खेळ येत राहतात. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' २०२२ मध्ये चार आणि पाच दोन्हींवर आला. पुढच्या वर्षी 'स्पायडर-मॅन २' आला, तो फक्त पाचवर. नातवाच्या दुःखाची तारीख तिथली आहे.

गंमत म्हणजे हे घड्याळ सगळीकडे सारखं चालत नाही. प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानात आला, पुढचा तिसरा २००६ मध्ये. जगाच्या हिशेबानं दुसरा म्हातारा झाला. आणि आपल्याकडे? 'हनुमान: बॉय वॉरियर' हा हैदराबादेत बनलेला खेळ प्लेस्टेशन २ साठी आला तो २००९ मध्ये! तिकडे ज्याला पेन्शन लागली, त्याचं इकडे तेव्हा लग्न चाललं होतं. आपण मागासलेले होतो असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. यंत्र स्वस्त झालं होतं, जुन्या डिस्क हातोहात फिरत होत्या (बऱ्याचशा चोरीच्या, हेही कबूल करू), आणि दुरुस्त करणारा चौकात बसलेला होता. त्या यंत्राचं उत्पादन थांबलं २०१२-१३ च्या सुमारास, तोवर १५ कोटींहून अधिक विकले गेले होते.

दुसरं घड्याळ त्याहून अदृश्य आहे. निन्टेन्डोनं आपल्या वी-यू आणि थ्री-डीएस या यंत्रांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्यावर इंटरनेटवरून एकमेकांशी खेळणंही बंद झालं. यंत्र तुमच्या कपाटात ठणठणीत, पण त्याचा अर्धा जीव दूरच्या सर्व्हरमध्ये होता, तो गेला. सोनीनं तर २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ वर दुसरी संगणकप्रणाली बसवायची सोय एका अपडेटनं काढून टाकली. ती हवी असेल तर अपडेट घेऊ नका, आणि अपडेट नाही घेतलं तर ऑनलाइन खेळ बंद. विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्यानं नंतर घरात येऊन बदलावी, हा प्रकार आपल्या आजोबांना समजावून सांगता आला नसता.

इथे मला नागसेन आठवतो. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत, तुम्हांपैकी काहींनी पाहिले असतील. असाच एक यवन राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. राजा म्हणतो, मी रथातून आलो. नागसेन विचारतो, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? साटा म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? या सगळ्यांच्या मिळून असण्याला आपण रथ म्हणतो, वेगळा रथ नाही.

कन्सोलला हे लावून बघा. डबा म्हणजे कन्सोल का? नाही. डिस्क? नाही. सर्व्हर? नाही. नातवाला मी हेच विचारलं, तर तो म्हणाला, "आबा, रात्री नऊला आम्ही पाच जण खेळायचो. त्यातले दोघं पीएस-५ वर गेले." म्हणजे सोबती हाही त्या रथाचा एक भाग होता. डबा जागेवर आहे, रथ मोडला. आंबेगावचं उलट झालंय. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, कचेऱ्या घोडेगावात, पण तालुक्याचं नाव आंबेगावच. तिथे वस्तू गेली, नाव राहिलं. इथे वस्तू राहिली, नाव गेलं.

यावर उपाय नाही का? आहे, आणि तो आपल्या शेजारी खोडदला उभा आहे. जीएमआरटी, ही महाकाय रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, दिवंगत गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या. २००१ मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. पुढे तंत्रज्ञान बदललं. तेव्हा अँटेना पाडल्या का? नाही. तबकड्या त्याच ठेवल्या आणि ग्राहक यंत्रणा, आतलं इलेक्ट्रॉनिक्स, आकडेमोड करणारी यंत्रणा बदलली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता यायचा, आता ४०० पर्यंत. पोलादाचं आयुष्य वेगळं, चिपचं वेगळं, हे ओळखून दोन्ही सुटी ठेवली. आणि आता खरी मौज ऐका. ही नवी आकडेमोड ज्या चिपांवर होते त्यांत जीपीयू आहेत. जीपीयूची सगळी वाढ झाली ती व्हिडिओ गेमची चित्रं झरझर काढण्यासाठी. पोरांच्या नव्या नव्या खेळांच्या हट्टातून जी चिप मोठी झाली, ती खोडदला आकाशगंगांचे संदेश जुळवते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन असतं. नातवंडांना घेऊन जा आणि हे जरूर सांगा. त्यामुळे मी "नवीन कशाला?" असं सरसकट म्हणणारा म्हातारा नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की कन्सोलमध्ये तबकडी आणि चिप एकाच डब्यात ठोकून बंद केलेली असते. चिप म्हातारी झाली की सगळाच डबा म्हातारा.

कायद्यालाही हा प्रश्न सोडवावा लागलाय. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमचाही समावेश आहे. उत्पादकानं किती कचऱ्याचा पुनर्वापर करायचा हे ठरवायला प्रत्येक वस्तूचं "सरासरी आयुष्य" धरलं जातं, आणि तितक्या वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्क्यांची जबाबदारी त्याच्यावर येते. सुरुवातीच्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, पुढे वाढत ८० पर्यंत. नियम चांगला आहे. फक्त गंमत बघा, कागदावर सगळे कन्सोल एकाच वयाला मरतात, मग ते मंचरला असोत की मुंबईला.

मागून ताईंचा प्रश्न आलाय: "सर, मग नातवाला नवीन घेऊन दिला का?"

अजून नाही. जुना साफ केलाय, त्यावरचे जे खेळ त्यानं खेळलेच नव्हते ते अर्ध्याहून कमी किमतीत वापरलेल्या डिस्कवर मिळाले, त्यात त्याची सुट्टी गेली. पण पाचातले दोघं गेलेत. तिसऱ्याच्या घरी द्राक्षं आहेत, मार्चमध्ये पैसे येतील. त्यानं घेतला की मला फोन येणार, हे नक्की.