रबराचे हात

पहाटे ५

कारखान्याचं शटर वर केलं की आधी अमोनियाचा वास अंगावर येतो. रबराच्या चिकाचा निळा कॅन रात्री कितीही घट्ट बंद केला तरी हा वास जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. वास आहे तोवर रबर चांगलं आहे. अमोनिया उडून गेला की झाडाचा चीक कॅनमध्येच साकळतो आणि त्या गोळ्याचं मग काही होत नाही.

मी गणपतीच्या मूर्तींचे रबरी साचे करतो. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या बाजूला गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने आहेत. देवधरांसारख्या घराण्यांनी पेणच्या मूर्तीला नाव मिळवून दिलं आणि त्या नावावर आज हजारो घरं चालतात. गिऱ्हाईक मूर्तीची आखणी बघतं, रंग बघतं. साचा कुणाच्या नजरेला पडत नाही. मूर्तिकाराने एकदाच घडवलेलं बोट पुढच्या शेकडो मूर्तींत जसंच्या तसं उतरतं, ते मात्र साच्यामुळे.

सध्या मार्गशीर्ष चालू आहे. गणपती लांब आहेत, पण नव्या साच्यांचा हंगाम हाच. हवा कोरडी असते, रबर चांगलं सुकतं. झाडाचाही हंगाम नेमका हाच आहे. दसऱ्यानंतर थंडी ओसरेपर्यंत रबराची झाडं सर्वांत जास्त चीक देतात. मी शटर उघडतो त्या वेळी दोडामार्ग-सावंतवाडीच्या आणि केरळातल्या बागांत माणसं डोक्याला बॅटरी बांधून झाडाझाडाशी उभी असतात. उन्हं वर यायच्या आत झाड पाण्याने टच्च भरलेलं असतं, चिकाला आतून जोर असतो. दिवस चढला की धार मंदावते. तिरप्या खाचेवरून सालीची पातळ ढलपी काढायची, चीक वाटीत उतरू द्यायचा, आणि पुन्हा सुरी लावायची ती बहुधा एक दिवस सोडून. सुरी जरा खोल गेली तर आतला जिवंत थर दुखावतो, नवी साल गाठाळ येते आणि ती बाजू पुढे वर्षानुवर्षं त्रास देते.

सकाळी ७

आज एका नव्या मूर्तीला पहिला हात द्यायचा आहे. मूर्तिकाराने ती शाडूत घडवली, तिच्यावरून प्लास्टरची मूळ प्रत काढली आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. आता ती माझ्या ताब्यात आहे.

ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून झटकतो, नाहीतर चार फटकाऱ्यांत केसांत रबर धरतं. पहिला हात पातळ. सोंडेच्या वळणात, मुकुटाच्या नक्षीत, बोटांच्या बेचक्यांत ब्रशच्या टोकाने रबर शिरवायचं आणि बुडबुडा दिसला की फुंकर मारून फोडायचा. पापणीखाली टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा राहिला, तर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक मूर्तीच्या पापणीखाली एक पुटकुळी येणार.

हात दिला की थांबायचं. रबर सुकलं का, हे बोट लावून बघायचं नाही, डोळ्यांनी ओळखायचं. ओलं रबर दुधासारखं पांढरं असतं. पाणी उडत जातं तसा पांढरेपणा कडेकडेने विरतो आणि खालचं प्लास्टर पिवळसर काचेतून दिसावं तसं दिसू लागतं. सोंडेखालचा खळगा सर्वांत शेवटी पारदर्शक होतो. तिथे पांढरा ठिपका दिसत असताना दुसरा हात दिला, तर आतलं पाणी कोंडतं आणि तो पदर पुढे सुटतो.

सकाळी ९

न्याहारीला सगळे दारात बसतो. कामावरच्या पोराने आज विचारलं, "काका, हे झाड आपल्याकडं लावलं तर?"

त्याला सांगितलं, कोकणात ते आहे. दोडामार्गाकडे केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी बागा केल्या आहेत. उत्तर कोकणात डहाणूजवळ दापचरीला रबर संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथला उन्हाळा आणि पावसानंतरचे कोरडे महिने कोणत्या जातीचं झाड सोसतं, याचा अभ्यास तिथे झाला. आपला पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांतच पडून जातो. हे झाड मुळात ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं, बारमाही ओलाव्यात वाढलेलं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने तिथून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यातल्या थोड्याच रुजल्या, आणि त्या रोपांपासून श्रीलंका-मलायातल्या बागा वाढल्या. केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाडला १९०२ साली लागवड झाली. रोप लावल्यावर पहिली खाच घ्यायला सहा-सात वर्षं जातात.

"सात वर्षं?" पोरगं म्हणालं आणि कॅनकडे बघत राहिलं. त्यानंतर त्याने ब्रश निथळताना एक थेंब खाली सांडू दिला नाही.

सकाळी १०.३०

ठिपका विरला, दुसरा हात दिला. झाडातून निघतो तेव्हा चिकात रबर जेमतेम एक-तृतीयांश असतं, बाकी बहुतेक पाणीच. यंत्रात गरागरा फिरवून त्यातलं पाणी कमी करतात आणि रबर ६० टक्क्यांवर आणतात. ते आमच्याकडे येतं, आणि उरलेलं पाणी असं हातागणिक सुकवायचं.

हात सुकेपर्यंत बाजूच्या दुसऱ्या साच्याचं काम. त्याचे सगळे हात पूर्ण झालेत, मधल्या थरांत बँडेजची जाळीदार पट्टी बसली आहे. रबर नुसतं ठेवलं तर लुळं पडतं, म्हणून त्याच्यावर प्लास्टर आणि काथ्याचं कवच चढवायचं. ते तुकड्यातुकड्यांत करतो, म्हणजे मागून-पुढून अलगद सुटतं.

दुपारी २

पेणहून रोह्याची मेमू. एक तयार साचा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलाय. खिडकीतून ऊन आलं की बाजू बदलतो, उन्हाने रबर लवकर म्हातारं होतं. कासू, नागोठणे, मग रोहा. रोह्याच्या एका कारखान्याला नवा साचा द्यायचा आहे आणि त्यांचा जुना दुरुस्त करायचा आहे.

दुपारी ३.३०

जुना साचा सोंडेपाशी फाटला आहे. हात लावताच कळलं, रबर फुगून मऊ पडलंय. माल पटकन सुटावा म्हणून कुणीतरी आतून तेल फिरवलेलं. नैसर्गिक रबराचं आणि तेलाचं जमत नाही. मालकीणबाईंना म्हटलं, "ताई, साबणाचं पाणीच लावायचं. तेलाचा हात साच्याला लागता कामा नये."

फुगलेला भाग कापून काढला, कडा साबणाने धुऊन कोरड्या केल्या, जाळीची पट्टी ठेवून पातळ हात दिला. आज यातून माल काढू नका, असं बजावलं. "उद्या सकाळी?" त्यांनी विचारलं. "परवा," मी सांगितलं.

संध्याकाळी ५

नव्या साच्यातला पहिला पीस. साचा उलटा धरून प्लास्टरचा घोळ ओतला, सगळीकडे फिरवला, काथ्या बसवला. थोड्या वेळात बाहेरून हात लावला तर साचा कोमट लागतो. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, आणि ती ऊब गेली की उघडायचं. कवचाचे तुकडे बाजूला केले आणि रबर पायाकडून मुकुटाकडे मोज्यासारखं उलटवत नेलं. सोंडेच्या वळणावर ते ताणलं, बोटांवरून सरकलं आणि पुन्हा आपल्या आकारात आलं. मूर्तीच्या अंगठ्यावर नखाची कोर होती, मोदकाच्या कळ्या होत्या. कडक साच्यातून एवढा आत वळलेला भाग तुकडे केल्याशिवाय सुटत नाही.

ताईंनी विचारलं, "शाडूचं काय करायचं?" हा प्रश्न आता प्रत्येक कारखान्यात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध नव्या मार्गदर्शक सूचना आणल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शाडूची मागणी वाढते आहे. शाडू प्लास्टरच्या साच्यातून सहज सुटतो, कारण प्लास्टर मातीतलं पाणी शोषून घेतं. रबर पाणी पीत नाही, म्हणून त्यात माती दाबली तर ती बराच वेळ ओली राहते आणि घाईने काढली तर बोटं मोडतात. जमतं, पण वेळ द्यावा लागतो. आपल्या खाड्या आणि नद्या स्वच्छ राहणार असतील तर तेवढा वेळ द्यायलाच हवा, असं मी त्यांना सांगितलं आणि मला ते मनापासून वाटतं.

रात्री ८

परत कारखान्यात. सकाळच्या मूर्तीवरचा दुसरा हात पूर्ण पारदर्शक झालाय. तिसरा उद्या. तयार साच्यांना शंखजिऱ्याची भुकटी लावली, घडी न घालता कवचातच बसवून अंधाऱ्या फळीवर ठेवले. कॅनचं झाकण आवळलं.

फोनवर एक नवे गिऱ्हाईक होते. चार दिवसांत साचा हवा, पैसे वाढवून देतो म्हणाले. मी पंधरा दिवसांची तारीख दिली. बागेतल्या माणसाला सुरी खोल घालून जास्त चीक काढता येत नाही, तसा मला जाड हात देऊन साचा लवकर करता येत नाही. पातळ हात आणि मधली सुकवण याच गोष्टींचे मी पैसे घेतो. ते कबूल झाले. मूर्तीची मूळ प्रत सोमवारी येईल.