प्रबंध ते पुस्तिका : गेल ऑम्वेट यांच्या वाटेवरून

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करताना एका प्रश्नाचा सराव नक्की करून ठेवा : "तुमचा विषय दहावीतल्या मुलाला कसा समजावून सांगाल?" हा प्रश्न आला की अनेकांना वाटतं, अवघड शब्द काढून टाकले की झालं काम. मी विज्ञानाकडून आलेली. आमच्याकडे तर 'सोपं करून सांगणं' म्हणजे जरा दुय्यम काम, खरं काम प्रयोगशाळेत, अशीच समजूत असते. ही समजूत का चुकीची आहे हे सांगायला आज मुद्दाम इतिहासातलं उदाहरण घेतेय, कारण तिथे ते जास्त स्वच्छ दिसतं.

गेल ऑम्वेट यांचा जन्म १९४१ चा, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) त्यांनी पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला. काळ १८७३ ते १९३०, म्हणजे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेपासून पुढचा. १९७३ मध्ये पीएचडी मिळाली आणि १९७६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्या वेळी या चळवळीकडे 'नोकऱ्यांसाठी दोन शिकलेल्या गटांचं भांडण' म्हणून बघण्याची पद्धत होती. ऑम्वेट यांनी दाखवलं की यात दोन प्रवाह होते. एक वरच्या, जमीनदार-संस्थानिक थराचा आणि दुसरा खेड्यातल्या शेतकऱ्यांचा, जो जास्त मूलगामी होता. प्रबंधाचा दावा म्हणतात तो हा. तुमचा दावा असा दोन वाक्यांत बसतो का, एकदा तपासून बघा.

इथपर्यंत हे कुणाही चांगल्या संशोधकाचं चरित्र आहे. पुढचं वेगळं आहे. त्या महाराष्ट्रातच राहिल्या. भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला घर केलं, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०२१ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रबंध लिहिला, त्यांच्यातच आयुष्य काढलं. संशोधनाचा 'विषय' रोज दारात भेटत असेल, तर लिहिण्याची भाषा बदलणारच.

ती बदललीही. १९८० मध्ये स्त्रियांच्या लढ्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यात शेतमजूर बायका, सभा, प्रवास, संवाद असं सगळं आहे आणि ते गोष्टीसारखं वाचत जाता येतं. १९९५ मध्ये 'दलित व्हिजन्स' ही छोटी पुस्तिका आली. तिच्या आधीच्याच वर्षी दलित चळवळीवरचा जाडजूड ग्रंथ आला होता हे लक्षात घ्या. २००४ मध्ये आंबेडकरांचं आटोपशीर चरित्र आलं. पहिल्यांदाच विषयाला हात घालणाऱ्या कॉलेजच्या पोराला देता येतील अशी ही पुस्तकं आहेत. त्यांनी खास लहान मुलांसाठी लिहिलं असा माझा दावा नाही, आणि मूळ लेखन बरंचसं इंग्रजीत आहे, ही मर्यादा आहेच. पण मोठा ग्रंथ आणि छोटी पुस्तिका एकाच टेबलावर, एकाच माणसाने लिहिणं आपल्याकडे कमी दिसतं.

तसं म्हटलं तर ही परंपरा आपलीच आहे. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला, तो कुणबी, माळी, महार, मांग यांना कळावा म्हणून सोपा ठेवला. गोविंद पानसरे पेशाने वकील, पण १९८८ ची त्यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका तरुणांच्या हातोहात गेली, अनेक भाषांत गेली. पानसरे यांच्यावर २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात ते गेले. सोप्या पुस्तकाला दुय्यम म्हणणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते बघू. उदाहरण आमच्या भागातलं घेते. वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की पुढे पोयनाडजवळ चरी गाव येतं. १९३३ साली इथून कुळांचा संप सुरू झाला. २५ गावं, नेते नारायण नागू पाटील, आणि संप चालला सहा वर्षं. या काळात कुळांनी खोतांची शेतं कसलीच नाहीत. डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला.

प्रबंधात आपण लिहू : "खोती पद्धतीत मध्यस्थ महसुली वर्गाकडून कुळांचे अतिरिक्त शोषण होत असे." वाक्य बरोबर आहे, गाईडही खूण करून पुढे जातील. आता हेच नववीतल्या मुलीला सांगा. ती विचारेल, खोत म्हणजे कोण? जमीन त्याची होती का? भात पिकलं की त्यातलं किती जायचं? मग सहा वर्षं शेती केली नाही तर लोकांनी खाल्लं काय?

उत्तर असं सुरू करावं लागेल : खोत सरकारला सारा भरायचा, कुळांकडून त्याहून जास्त वसूल करायचा आणि मधलं ठेवायचा. कसणाऱ्याच्या नावावर काहीच नसे. हे लिहायला बसलं की कळतं, 'अतिरिक्त शोषण' या दोन शब्दांखाली आपण किती न शोधलेल्या गोष्टी झाकून ठेवल्या होत्या. किती खंडी, कोणत्या मापाने, वेठ कशी, पावती मिळायची का? मोठा शब्द अज्ञान लपवतो आणि लहान शब्द ते उघडं पाडतो. म्हणून सोपं लिहायला संशोधन कमी नाही, जास्त लागतं. आमच्या विज्ञानातही हेच. 'अभिक्रियेचा वेग वाढतो' हे वाक्य 'किती, कशामुळे' विचारलं की डळमळायला लागतं.

एक सावधगिरी. सोपं करताना सगळेच कूळवाले देव आणि सगळेच खोत राक्षस करायचा मोह होतो. ऑम्वेट यांचे दोन प्रवाह आठवा. चळवळीच्या आतली भांडणंही मुलांना सांगता येतात, फक्त माणसांची नावं, गावं आणि त्यांना काय हवं होतं ते नीट सांगावं लागतं.

कुणाला या संपावर काम करायचं असेल तर वेळेचा हिशोब करा. १९३३ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज शंभरी ओलांडलेलं असणार. मुलाखतीला आता नातवंडं-पतवंडंच उरलीत. बाकी साधनं म्हणजे सरकारी महसुली कागद, विधिमंडळातल्या चर्चा आणि नारायण नागू पाटलांनी काढलेल्या 'कृषीवल'चे जुने अंक. नातवंडांकडची गोष्ट आधी ऐका, मग कागद उघडा. कागदात काय शोधायचं ते त्या गोष्टीतूनच कळतं.